जठरांत्रीय स्ट्रोमल अर्बुद व सहवर्ती कर्करोग

पचनमार्गाच्या भिंतीतील स्नायुथरात उद्भवणारे स्ट्रोमल अर्बुद (संक्षेपाने ‘जिस्ट’) आणि त्याच मार्गाच्या अस्तरातून निघालेला कर्करोग एकाच रुग्णात आढळण्याची स्थिती. दोन्हींचे निदान एकाच सुमारास झाल्यास त्यांना समकालिक, बऱ्याच अंतराने झाल्यास अनुकालिक म्हणतात. जिस्टच्या जोडीला बहुधा जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा ग्रंथिकर्करोग असतो. अन्ननलिका व स्वादुपिंडाच्या नोंदी तुरळक आहेत.

‘स्ट्रोमल अर्बुद’ ही संज्ञा मझुर व क्लार्क यांनी १९८३ मध्ये रूढ केली. त्यापूर्वी ही अर्बुदे अरेखित स्नायूंची समजली जात. १९९८ मध्ये हिरोता व सहकाऱ्यांनी त्यांत किट जनुकाचे उत्परिवर्तन दाखवले. आतड्याच्या आकुंचनाची लय राखणाऱ्या काहालपेशींशी किंवा त्यांच्या पूर्वपेशींशी त्यांचे नाते आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. किट प्रथिनाची रंजनचाचणी (सीडी११७) सर्रास होऊ लागली ती यानंतरच. त्याआधी जिस्ट व स्नायूंची अर्बुदे यांत खात्रीने फरक करता येत नसल्याने तेव्हाच्या सहवर्ती कर्करोगांच्या नोंदी जपून वापराव्या लागतात.

अगायमी व सहकाऱ्यांच्या २००६ च्या आढाव्यात जिस्टच्या रुग्णांत अन्य मारक अर्बुदांचे प्रमाण ४·५ ते ३३ टक्के, सरासरी सुमारे १३ टक्के आले. त्यांपैकी जवळजवळ निम्मी पचनमार्गातील कार्सिनोमा (अस्तरातून निघालेले कर्करोग) होती. अमेरिकेतील २००१–११ या काळाच्या नोंदवहीत ६,११२ रुग्णांपैकी १७·१ टक्क्यांना दुसरा कर्करोग होता. मात्र त्यात सर्व अवयवांचे आणि जिस्टच्या आधीचे व नंतरचेही कर्करोग धरले आहेत.

या साहचर्याच्या कारणाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार एकच कर्कजनक द्रव्य अस्तर व स्नायुथर या दोन्हींवर परिणाम करत असावे. आधारासाठी उंदरांवरील १९८४ चा प्रयोग सांगितला जातो : एमएनएनजी या कर्कजनक द्रव्याबरोबर ॲस्पिरीन किंवा ताण यांची जोड दिल्यावर जठरात ग्रंथिकर्करोगाखेरीज स्नायूंची मांसार्बुदेही (सार्कोमा) झाली. पण ती अर्बुदे आजच्या अर्थाने जिस्ट होती काय, हे त्या काळच्या वर्णनावरून ठरत नाही. शिवाय जिस्टमधील किटचे उत्परिवर्तन शेजारच्या ग्रंथिकर्करोगात सहसा नसते.

दुसरे मत योगायोगाचे, आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. कावानोवा व सहकाऱ्यांनी (२००६) कर्करोगासाठी काढलेली १०० संपूर्ण जठरे बारकाईने कापून तपासली. ३५ जठरांत मिळून ५० सूक्ष्म जिस्ट सापडली. हा आकडा प्रथमदर्शनी पहिल्या मताच्या बाजूचा वाटतो. परंतु पुढच्याच वर्षी जर्मनीतील शवविच्छेदनांत पन्नाशीपुढील २२·५ टक्के व्यक्तींच्या जठरांत, तेही नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या, अशाच गाठी आढळल्या. तपासण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने दोहोंची थेट तुलना करता येत नाही. तरी अशा गाठी उतारवयात सामान्य असून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेमुळे त्या केवळ उजेडात येतात, एवढे दिसते. अपवाद आनुवंशिक विकारांचा. पहिल्या प्रकारच्या न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये लहान आतड्यात अनेक जिस्ट आणि पित्तनलिकेच्या मुखाशी तंत्रिका-अंतःस्रावी अर्बुद अशी जोडी आढळते. तेथे योगायोग म्हणून चालत नाही.

जिस्टवरचे अस्तर बहुधा अखंड असल्याने लहान गाठ दुर्बिणीतून निसटते. जठराचा कर्करोग काढताना शल्यविशारदाला जठराच्या बाहेरील पृष्ठावर काही मिलिमीटरांची घट्ट, पांढुरकी गाठ लागते. ती कर्करोगाचा पसरलेला कण समजली गेली, तर रोग चौथ्या अवस्थेत गणला जाऊन बरी होण्याजोगी शस्त्रक्रिया अर्धवट सोडली जाण्याचा धोका असतो. म्हणून टेबलावर रुग्ण असतानाच गोठवलेल्या छेदाची तपासणी करून घेतात. त्यात तर्कुरूप (चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या) पेशी दिसल्या, की जिस्टचा संशय बळावतो. पक्के निदान पुढे सीडी११७ व डॉग-१ या चाचण्यांनी होते.

उपचारांची दिशा बहुधा कार्सिनोमाच ठरवतो. त्याला लसीकाग्रंथींसह व्यापक छेदन लागते. जिस्ट सहसा लसीकाग्रंथींत पसरत नसल्याने गाठ पूर्ण निघणे पुरते. जिस्टचा धोका स्थान, आकार व पेशीविभाजनाचा दर यांवर ठरतो. धोका जास्त असल्यास किट प्रथिनाची क्रिया रोखणारे इमॅटिनिब हे औषध तीन वर्षे देतात, पण किटसारख्याच पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकात डी८४२व्ही हे उत्परिवर्तन असेल तर या औषधाचा उपयोग होत नाही.