गिलाव्याआधीचे आठ दिवस

वायरमनने भिंतींना खाचा पाडून पाइप बसवले आणि गवंडी अजून गिलाव्याला लागलेला नाही, असे साधारण आठ दिवस प्रत्येक नव्या घराच्या वाट्याला येतात. घरातलं इंटरनेट पुढची वीस वर्षं कसं चालणार, हे बरंचसं त्या आठ दिवसांत ठरून जातं. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरमालक टाइल्सच्या दुकानात असतो.

घराच्या अंदाजपत्रकात फरशी असते, ग्रील असतात, किचन ट्रॉली असतात. इंटरनेटची ओळ नसते, कारण ‘ते कंपनीवाले येऊन लावून देतात’. माझ्या मावसभावाने साताऱ्याजवळ दोन मजली घर बांधलं, तेव्हा त्याचंही हेच म्हणणं होतं. वास्तुशांतीच्या आधी ब्रॉडबँडचा माणूस आला. पाइप ठेवलेलाच नव्हता, म्हणून त्याने खिडकीच्या चौकटीजवळ भोक पाडलं, काळी केबल नव्या रंगावर खिळे ठोकत दिवाणखान्यात आणली आणि दाराच्या कोपऱ्यावर काटकोनात वळवली. महिन्याभरात राउटरच्या डब्यावर लाल दिवा लागला. त्या वळणावर आतली काच दुमडली होती.

हो, काचच. फायबरच्या केबलमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो, तो साधारण ९ मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडा कमी. त्याच्याभोवती किंचित वेगळ्या काचेचं आवरण असतं आणि त्यामुळे प्रकाश गाभ्यातच अडकून पुढे सरकतो. वळण सौम्य असेल तर काही बिघडत नाही. पण तार बोटाभोवती घट्ट गुंडाळावी तशी वळवली, की प्रकाश कडेने निसटू लागतो आणि शेवटी काच तडकते. म्हणून रस्त्याकडच्या भिंतीपासून राउटरच्या जागेपर्यंत एक मोकळा पाइप हवा, आणि त्याला कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न लावता गोलाईचा लांब बेंड लावायला हवा.

आता पैशांचं बोलू. महिन्याला ७०० रुपयांचा प्लॅन धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६ रुपये. दहा वर्षांत ९९,१२० रुपये झाले. घराच्या आतलं, म्हणजे राउटरपासून खोल्याखोल्यांत जाणाऱ्या तांब्याच्या केबलचं बघा: दोन मजल्यांत आठ पॉइंट, प्रत्येकाला सरासरी १५ मीटर, म्हणजे १२० मीटर केबल. मीटरला ३० रुपये धरले तर ३,६०० रुपये. पाइप, बॉक्स, सॉकेट, मजुरी मिळवून ही रक्कम तिप्पट-चौपट झाली, तरी दहा वर्षांच्या बिलापुढे ती किरकोळच राहते. तरीही आपण हात आखडता घेतो तो इथेच. मग वरच्या खोलीत व्हिडिओ अडकू लागला की दरमहा तीनशे रुपये जास्त देऊन मोठा प्लॅन घेतो. अडथळा घरातल्या स्लॅबमध्ये असतो आणि पैसे मात्र घराबाहेरच्या वेगावर जात राहतात.

वाय-फायच्या लहरी सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिलीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहा. वेग जास्त मिळतो तो ५ गिगाहर्ट्झवर, पण भिंतीत आणि स्लॅबमध्ये जास्त मार खाते तीच. सळ्यांची जाळी आणि काँक्रीट ओलांडून वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिच्यात फारसा जीव उरत नाही. लोखंडी कपाट आणि ड्रेसिंग टेबलाचा आरसाही तिला अडवतात, कारण आरशामागे धातूचा लेप असतो. शिवाय वाय-फायवर एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. केबलवर प्रत्येकाला स्वतंत्र रस्ता, जाण्याचा आणि येण्याचा एकाच वेळी. टीव्ही, कॅमेरा, कामाचा संगणक अशा जागा न सोडणाऱ्या वस्तू केबलवर टाकल्या की हवा फोनसाठी मोकळी राहते. आणि वरच्या मजल्याच्या छतापर्यंत एक केबल नेली, तर तिथे दुसरा वाय-फायचा डबा बसवता येतो. त्याला वेगळा प्लगही लागत नाही, कारण इंटरनेटच्याच केबलमधून वीज देण्याची सोय २००३ सालच्या मानकापासून आहे, तेव्हा १५.४ वॉटपर्यंत, आता त्याहून बरीच जास्त.

ही केबल एकदा सोलून बघण्यासारखी आहे. वरचं प्लॅस्टिक काढलं की चार जोड्या दिसतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. दोन तारांना पीळ देण्याच्या या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये घेतलं, टेलिफोनच्या तारांसाठी. जोडीतल्या एका तारेवर संदेश जसा जातो, त्याच्या बरोबर उलटा दुसरीवर जातो, आणि पलीकडचं यंत्र फक्त दोन्हींतला फरक वाचतं. बाहेरचा गोंगाट, समजा शेजारून जाणाऱ्या पंख्याच्या वायरचा, दोन्ही तारांवर सारखाच बसला तर वजाबाकीत तो नाहीसा होतो. तो सारखा बसावा म्हणून पीळ. क्षणात ही तार गोंगाटाच्या जवळ, क्षणात ती. आता दोन जोड्या शेजारी शेजारी धरून वेढे मोजा, ते जुळत नाहीत. मुद्दामच. सगळ्यांचा पीळ एकसारखा असता तर शेजारच्या जोड्यांमधल्या त्याच त्या तारा अखेरपर्यंत एकमेकींना चिकटून राहिल्या असत्या आणि एकीचं बोलणं दुसरीत ऐकू गेलं असतं. मला ही रचना फार सुंदर वाटते. म्हणूनच सॉकेट बसवताना घाईने दोन इंच पीळ उलगडणाऱ्या माणसाला थांबवावं. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे मात्र पीळ गेला की सगळंच गेलं.

या केबलच्या प्रती असतात. कॅट फाइव्ह-ई घ्यायची की तिच्या वरची कॅट सिक्स? दोन्ही १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेतात. कॅट सिक्स साधारण ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिटही नेऊ शकते, आणि घरात ५५ मीटरची धाव क्वचितच असते. भिंतीत घालायची आहे, कॅट सिक्स घ्या. त्यापुढची, जाड आणि वळायला अवघड केबल घरासाठी मला आवश्यक वाटत नाही.

खरी सावधगिरी हवी ती तांब्याची. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी केबल स्वस्तात मिळते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, तार ठिसूळ, आणि तिच्यातून वीज पाठवली की ती जास्त तापते. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. वजनानेही कळतं: कॅट सिक्सच्या ३०५ मीटरच्या पेटीत नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं. मुलाम्याची पेटी हातात घेतली की हलकी लागते.

पाइप २५ मिलिमीटरचा घ्या आणि त्यात तीन-चारच केबली घाला. विजेच्या वायरी त्या पाइपमध्ये अजिबात नकोत. दोन्ही पाइपांत फूटभर अंतर ठेवा आणि जिथे ओलांडायचंच आहे तिथे काटकोनात ओलांडा. हे फक्त गोंगाटासाठी सांगत नाही. वायरीचं आवरण कधी विरलं, तर २३० व्होल्ट मुलाच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचायला वाट मिळते. आज ज्या खोलीत पॉइंट नको वाटतोय, तिथेही रिकामा पाइप टाकून आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. खाच खोदायला माणूस आला आहे तोवर हा खर्च अगदी थोडा. नंतर त्याच कामाला भिंत फोडणं, पुट्टी, रंग, सगळं आलं.

मागच्या बाजूला गोठा किंवा वेगळी खोली असेल, तर तिथवर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तरी त्या तारेत दाब चढतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. तिथे फायबर न्या, काचेतून वीज वाहत नाही. फक्त त्या केबलला आधाराची पोलादी तार असेल तर ती बाहेरच कापून थांबवा.

सगळ्या केबली एका जागी येऊ द्या, शक्यतो जिन्याजवळच्या उघड्या कोनाड्यात. लोखंडी पेटीत राउटर कोंडू नका. त्या कोनाड्यात इन्व्हर्टरच्या लाइनवरचे दोन प्लग हवेत, कारण लाइट गेल्यावर रस्त्यावरचं फायबर बहुतेक वेळा चालूच असतं, बंद पडतो तो आपला डबा.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा. आणि गवंडी कामाला लागायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, फरशीपासून आणि कोपऱ्यापासून मोजपट्टी लावून. पुढे कधी भिंतीवर घड्याळासाठी ड्रिल लावाल, तेव्हा आधी तो फोटो उघडून बघता येईल.