पसरलेल्या सुपरनोव्हा अवशेषासाठी गॅमा दुर्बिणीचा वेळ: प्रपोजल कुठे अडतं

पुण्यातली पीएच.डी.ची मुलं-मुली सुपरनोव्हा अवशेष, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला पसारा, पाहायला दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या अर्जांचे, म्हणजे प्रपोजलचे, मसुदे वाचायला घेऊन येतात. विज्ञान चांगलं असतं, तरी नकार येतो. बहुतेकदा चूक एकाच जागी असते: मागितलेल्या तासांत.

आधी पात्रता. नामिबियातली हेस, ला पाल्मावरची मॅजिक, ॲरिझोनातली व्हेरिटास या गॅमा किरणांचा माग घेणाऱ्या दुर्बिणी संशोधकांचे गट चालवतात. बाहेरच्या अर्जदाराला सहसा गटातला एक सदस्य सोबत लागतो, आणि त्याची संमती हाच कुणाजवळ नसलेला कागद. शेवटच्या आठवड्यात अनोळखी माणसाला ईमेल टाकून ती मिळत नाही. दोन-तीन महिने आधी लिहा, सोबत एक पान मुद्दा जोडा. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाची गोष्ट वेगळी. तो साधारण दर ३ तासांनी सगळं आकाश पाहतो आणि २००८ पासूनचा त्याचा डेटा खुला आहे. तुमचा अवशेष त्यात कसा दिसतो, हे न पाहता अर्ज करूच नका.

आता तास. किती तासांत किती मंद स्रोत दिसेल हे सांगणारा, संवेदनशीलतेचा जो आलेख सगळे वापरतात तो बिंदूस्रोतासाठी, म्हणजे ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या स्रोतासाठी असतो. हे अर्जाच्या सूचनांत ठळक का छापत नाहीत, कळत नाही! आरएक्स जे१७१३.७-३९४६ हा अवशेष सुमारे १ अंश रुंद आहे, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढा. दुर्बिणीची धूसरता ०.१ अंश धरली, तर ०.५ अंश त्रिज्येच्या स्रोतात पार्श्वभूमी, म्हणजे स्रोताची नसलेली नोंद, साधारण २५ पट शिरते. लागणारा किमान प्रकाश ५ पट होतो. प्रकाश बिंदूस्रोताएवढाच असेल, तर तास सुमारे २५ पट. बिंदूस्रोताला १ तास पुरला असता, तर इथे २५ मागावे लागतात. हे गणित अर्जात दाखवा.

दुसरी खोच पार्श्वभूमी मोजण्याची. नेहमीच्या वॉबल पद्धतीत दुर्बीण स्रोतापासून ०.५ अंश बाजूला रोखतात आणि तेवढ्याच अंतरावरच्या रिकाम्या वर्तुळांतून पार्श्वभूमी घेतात. स्रोताची त्रिज्याच ०.५ अंश असेल तर तो कॅमेऱ्याच्या मध्याला टेकतो आणि रिकामी जागा उरतच नाही. अंतर ०.७ अंश करा, किंवा वेगळी 'ऑफ' निरीक्षणं, म्हणजे रिकाम्या आकाशाची, मागा. ती क्षितिजापासून त्याच उंचीवर, तशाच आकाशात हवीत आणि त्यांचे तास वेगळे धरायचे. ते न धरल्यामुळे एका मुलीचा अख्खा अर्ज परत आला. वर्षभराची मेहनत होती तिची.

दिसण्याचा हिशोबही करा. हाच अवशेष नामिबियातून जूनच्या मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा तिकडे कोरडा ऋतू असतो. लडाखमध्ये हानले इथल्या मेस दुर्बिणीतून मात्र तो क्षितिजावर जेमतेम १७ अंश चढतो. तिथून हवा असेल तर मिथुन राशीतला आयसी ४४३ हा अवशेष निवडा. डिसेंबरअखेर मध्यरात्री तो माथ्यापासून १० अंशांवर असतो. चंद्रप्रकाशाच्या रात्री वजा करायला विसरू नका.

अर्जाची अंतिम वेळ '१२:०० यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) लिहिली असेल तर ती आपली संध्याकाळची ५:३०, मध्यरात्र नव्हे. दरवेळी कुणीतरी इथे चुकतंच.

सरावासाठी हेसने २०१८ मध्ये खुला केलेला चाचणी डेटा घ्या. त्यात हाच जे१७१३ आहे आणि रिकाम्या आकाशाची निरीक्षणंही आहेत. गॅमापाय या गॅमा डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा नकाशा एकदा स्वतः काढा, मग तासांचा रकाना भरा.