बल्ब जळतोय, मग पडद्यावर अंधार का?

हल्ली कुठलाही पिक्चर आला की कोणीतरी लिहितंच, सगळा काळाकुट्ट होता, काही दिसलंच नाही, डायरेक्टरकडे लाइटला पैसे नव्हते वाटतं. असेलही, पण बऱ्याचदा बिचाऱ्या डायरेक्टरचा काही दोष नसतो, दोष वर प्रोजेक्टरच्या बूथमध्ये असतो. डिजिटल सिनेमाचा आकडा ठरलेला आहे, पूर्ण पांढऱ्या पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक), म्हणजे दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला. तो हळूहळू घसरत १० वर आला तरी पटकन कळत नाही कारण डोळा जुळवून घेतो. त्यामुळे आधी पांढरा टेस्ट पॅटर्न लावून मीटरने मोजायचं, अंदाजपंचे नाही.

बूथमधलं उत्तर मात्र तयारच असतं, बल्ब गेला, नवीन टाका.

आता हा झेनॉन बल्ब म्हणजे काय बघू. यात तार नसते. क्वार्ट्झच्या फुग्यात दाबाखाली झेनॉन वायू आणि समोरासमोर दोन टंगस्टनचे इलेक्ट्रोड, कॅथोड टोकदार, अॅनोड जाडजूड, मधल्या काही मिलिमीटरच्या फटीत पेटतो तो आर्क. सगळ्यात प्रखर ठिपका कॅथोडच्या टोकाशी. तासन्‌तास जळून टोक बोथट होतं, फट वाढते, ठिपका पसरतो, आणि उडालेलं टंगस्टन काचेला आतून काळं करतं. काळपटपणा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं, पण खरी गोम पसरण्यात आहे.

रिफ्लेक्टर या ठिपक्याची प्रतिमा एका चौकोनी काचेच्या दांडीच्या तोंडावर पाडतो, तिला इंटिग्रेटर रॉड म्हणतात, तिच्यात आपटत आपटत प्रकाश एकसारखा होतो. ठिपका दीडपट रुंद झाला तर क्षेत्रफळ सव्वादोन पट, रॉडचं तोंड मात्र तेवढंच. दादरला माणसं तेवढीच असून प्लॅटफॉर्मभर पांगली तर लोकलच्या एका दारातून आत किती जाणार? उरलेला प्रकाश नुसता लॅम्पहाउस, म्हणजे बल्बची पेटी, तापवतो.

मग लेन्स टाकून ठिपका लहान का करत नाहीत? करता येतो, पण मग किरणांचा कोन वाढतो, दोन्हींचा गुणाकार काही कमी होत नाही. आणि कोनावर बंधन आहे डीएमडी चिपचं, म्हणजे बारीक आरशांनी चित्र तयार करणाऱ्या चिपचं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकने १९८७ साली काढलेली. २के मशीनच्या एका चिपवर २०४८ गुणिले १०८० एवढे बारीक आरसे, आणि प्रत्येक आरसा १२ अंश इकडे नाहीतर १२ अंश तिकडे कलतो. आरसा १२ कलला की किरण २४ वळतो, म्हणजे चालू (पडद्याकडे कललेल्या) आरशाचा प्रकाश आणि न कललेल्या सपाट आरशाचा प्रकाश यांच्यात २४ अंशांचं अंतर, दोन्ही शंकू एकमेकांत घुसू नयेत म्हणून प्रत्येकाची अर्धी रुंदी १२ अंशांच्या आसपासच ठेवायची, म्हणजे लेन्सच्या भाषेत साधारण एफ २.४. त्याहून मोठ्या कोनाने प्रकाश ढकलला तर काळा रंग राखाडी दिसायला लागतो.

त्यामुळेच महागडा नवीन बल्ब टाकला पण अलाइनमेंट केली नाही तर फार फरक पडत नाही. आर्क रिफ्लेक्टरच्या बरोब्बर फोकसला हवा, पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवी सरकवत मीटरचा आकडा कमाल कुठे येतो ते बघायचं. (बदलताना फेस शील्ड आणि ग्लोव्ह्ज हवेतच, हा बल्ब थंड असतानाही आत दाब असतो, फुटू शकतो.)

आणि बल्बला हात लावायच्या आधी फुकटातल्या गोष्टी बघा. बूथच्या खिडकीची काच कधी पुसली होती? लेन्सवर धूळ आहे का? थ्रीडीसाठी लेन्सपुढे लावायचा फिल्टर, पोलरायझर, टूडी शोला पुढेच राहिलाय का, तो एकटाच निम्म्याहून जास्त प्रकाश खातो. मशीनसमोर उदबत्ती लावत असाल तर तो धूर पंखे आत ओढतात आणि आरशांवर बसवतात, देव काही रिफ्लेक्टर पुसायला येत नाही.

लेसर मशीनला हे काही नाही असं विकणारे सांगतात. आर्क नाही हे खरं, पण लेसरही तासांबरोबर मंदावतो, आणि खिडकीची काच तर त्यालाही तीच.