मंगळावर जीव तगण्याची शक्यता

‘मंगळावर जीव तगेल का’ या प्रश्नात दोन प्रश्न असतात. सुप्तावस्थेत न मरता टिकणे वेगळे आणि पोषण घेऊन, पेशी विभागून वाढणे वेगळे. पृथ्वीवरच्या काही जिवाणूंना तिथे आडोसा मिळाला तर पहिले काही काळ जमू शकेल. दुसरे तिथल्या पृष्ठभागावर जवळपास अशक्य दिसते, आणि त्याचे मुख्य कारण पाणी.

मंगळावर हवेचा सरासरी दाब ६ मिलिबारच्या आसपास असतो; पृथ्वीवर समुद्रसपाटीला तो १०१३ मिलिबार आहे. शुद्ध पाणी द्रवरूपात राहायला किमान ६.१ मिलिबार लागतात. त्यामुळे बर्फ वितळण्याऐवजी बहुधा थेट वाफ होऊन उडतो. मातीत परक्लोरेट नावाचे, क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेले क्षार आहेत. २००८ मध्ये फिनिक्स यानाला ते सुमारे अर्धा टक्का आढळले. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तसे हे क्षार हवेतली वाफ ओढून ओले होतात आणि त्यांचे द्रावण उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपासही गोठत नाही. पण ते पाणी जिवाच्या कामाचे नाही. लोणच्यात ओलावा असूनही मिठामुळे तो जिवाणूंना मिळत नाही, तसेच इथे घडते. हा ‘मिळू शकणारा’ ओलावा जल-सक्रियता या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याची १ असते, बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली वाढत नाहीत आणि ०.६ च्या आसपास सगळ्यांचीच वाढ थांबते. थंडीत पातळ राहण्याइतके खारे झालेले द्रावण या मर्यादेजवळ किंवा तिच्याखाली जाते. शिवाय उणे २० अंशांखाली पेशींचे विभाजन आढळलेले नाही, ते वेगळेच.

अतिनील किरणांचा मारा भयंकर असला तरी तो अडवणे सोपे आहे. उघडे बीजाणू (जिवाणूंचे टणक कवचातले सुप्त रूप) काही मिनिटांत मरतात, पण मिलिमीटरभर धूळही पुरते. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू १९५६ मध्ये सापडला तो किरणांनी निर्जंतुक करूनही नासलेल्या डबाबंद मांसात. जपानी प्रयोगात त्याच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या गोळ्या अवकाशस्थानकाबाहेर तीन वर्षे ठेवल्या, तेव्हा वरचे थर मेले आणि त्यांच्या आडोशाने आतले जगले. अवकाशातून येणारे वेगवान कण, म्हणजे वैश्विक किरण, मात्र धुळीने अडत नाहीत. मंगळावरच्या क्युरिऑसिटी या फिरत्या यानाच्या मोजणीनुसार पृष्ठभागावर वर्षाला सुमारे ७६ मिलिग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे माप) मात्रा पडते. ती कमीच, पण सुप्त पेशी डीएनए दुरुस्त करत नाही, म्हणून हानी साचत जाते.

१९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मातीवर किरणोत्सारी कार्बनयुक्त पोषक द्रव टाकला, तेव्हा वायू निघाला. जिवाणू मरतील अशा १६० अंशांना तापवलेल्या मातीतून तो निघाला नाही, म्हणजे लक्षण जीवसृष्टीचेच वाटावे. पण दुसऱ्या उपकरणाला माती तापवून पाहताना सेंद्रिय, म्हणजे सजीवांत असतात तसे कार्बनयुक्त, रेणू सापडेनात. क्लोरीनयुक्त अंश मिळाला तो पृथ्वीवर उपकरण साफ करताना वापरलेल्या द्रवाचा समजला गेला. परक्लोरेट सापडल्यावर उलगडा सोपा झाला: माती तापवली की हा क्षार सेंद्रिय रेणूच जाळून टाकतो. २०१० मध्ये अटाकामा वाळवंटाच्या मातीत तो मिसळून तापवल्यावर तसलेच क्लोरीनयुक्त रेणू मिळाले. व्हायकिंगच्या वायूचे श्रेयही बहुतेक शास्त्रज्ञ मातीच्या रसायनाला देतात.

मंगळाइतका विरळ दाब पृथ्वीवर सुमारे ३५ किलोमीटर उंचीवर मिळतो. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटरवरची हवा निर्जंतुक पोलादी नळकांड्यांत, द्रवरूप निऑनच्या थंडीने खेचून, गोळा केली. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राने आणि हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने ती स्वतंत्रपणे तपासली. तीन नव्या जिवाणू जाती मिळाल्या, त्यांपैकी एकीला जानिबॅक्टर हॉइली हे नाव मिळाले. जवळच्या नातलगांपेक्षा या जाती अतिनील किरणांपुढे जास्त तग धरतात. त्या पृथ्वीबाहेरून आल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही.