कृमीचं वय आणि सिंथिया केन्यन

डिसेंबर १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटा निबंध आला. सी. एलेगन्स नावाच्या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत डॅफ-२ या एका जनुकात बिघाड झाला, तर तो दुपटीहून अधिक जगतो, असं त्यात म्हटलं होतं. साधा कृमी अडीच-तीन आठवड्यांत संपतो, हा सहा आठवडे टिकला. (आपल्याकडे सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. हा त्यांचा निरुपद्रवी भाऊबंद, जिवाणू खाऊन राहणारा.) निबंध सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेतला होता.

बातमी ‘दुप्पट आयुष्य’ अशी पसरली, पण अभ्यासकांना धक्का बसला तो आकड्यामुळे नव्हे. म्हातारपण म्हणजे झीज, जुन्या गाडीसारखी, असं तोवर बहुतेक जीवशास्त्रज्ञ धरून चालत. उत्क्रांतीवाल्यांचा युक्तिवादही पक्का होता. पिल्लं होऊन गेल्यावर निसर्गाच्या निवडीला त्या प्राण्याशी फारसं देणंघेणं उरत नाही, म्हणून वार्धक्य असंख्य जनुकांच्या बारीकसारीक दोषांतून येत असणार. मग एका जनुकाने असा किती फरक पडेल?

खरं तर फरक पडतो हे आधीच दिसलं होतं, फक्त त्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. १९८३ मध्ये मायकेल क्लास यांनी जास्त जगणारे काही कृमी वेगळे काढले होते. ते कमी खातात म्हणून जास्त जगत असावेत, असं त्यांनीच म्हटलं आणि विषय सोडला. ते कृमी टॉम जॉन्सन यांच्याकडे गेले. जॉन्सन आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८८ मध्ये त्यामागचं जनुक एकच असल्याचं दाखवून त्याला एज-१ हे नाव दिलं. पण त्या कृमींची प्रजननक्षमता कमी होती. त्यामुळे पिल्लांवर खर्च होणारी शक्ती वाचली, आयुष्य वाढलं, असा हिशेब पुन्हा लागला. नवं काही दिसलं की जुन्या चौकटीत बसवायचं, ही खोड विज्ञानातही आहेच.

केन्यन या विषयात आडवाटेने आल्या. एमआयटीत ग्रॅहॅम वॉकर यांच्याकडे त्यांनी डीएनएला इजा झाल्यावर जिवाणूंची कोणती जनुकं जागी होतात यावर पीएच.डी. केली, मग केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांच्याकडे गेल्या. सी. एलेगन्सला प्रयोगशाळेत आणून प्रस्थापित करणारे ते हेच. तिथे केन्यन यांचा विषय होता कृमीच्या शरीराची जडणघडण. ती एका ठरलेल्या आराखड्याने होते, तर म्हातारपणालाच आराखडा का नसावा, हा प्रश्न त्या वाटेवरून आलेल्या माणसालाच सुचणार.

डॅफ-२ हे जनुकही नवं नव्हतं. अन्न कमी पडलं किंवा गर्दी झाली की या कृमीचं पिल्लू वाढ थांबवून ‘डाउअर’ अवस्थेत जातं आणि काही महिने काढू शकतं. डॅफ-२ बिघडलं की पोटभर अन्न असतानाही ते डाउअर होतं, हे ठाऊक होतं. मात्र हा बिघाड तापमानावर अवलंबून असतो. केन्यन यांच्या चमूने पिल्लं थंडाव्यात वाढवली, डाउअर व्हायचं की नाही हा टप्पा ओलांडू दिला आणि त्यानंतरच तापमान वाढवलं. कृमी नेहमीसारखे प्रौढ झाले, पण म्हातारे व्हायला त्यांना वेळ लागला. इतर कृमी पडून होते तेव्हा हे हिंडत होते. हा परिणाम डॅफ-१६ या दुसऱ्या जनुकाशिवाय होत नाही, हेही त्याच निबंधात होतं. माझ्या मते निबंधाचं खरं वजन या दुसऱ्या वाक्यात आहे. नुसती मोडतोड झाली असती, तर तिला दुसऱ्या जनुकाची परवानगी लागली नसती.

१९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने डॅफ-२ची ओळख पटवली. इन्सुलिन आणि त्याच्यासारख्याच आयजीएफ-१ या संप्रेरकाचे आपल्या पेशींवर जे ग्राही (संप्रेरकाचा संदेश पकडणारे रेणू) असतात, त्यांचाच हा कृमीतला अवतार निघाला. घराघरांत मधुमेहामुळे माहीत झालेला शब्द असा अचानक वार्धक्याच्या चर्चेत आला.

‘पिल्लांवरची शक्ती वाचली की आयुष्य वाढतं’ या शंकेचा निकाल केन्यन आणि होनोर सिन यांनी १९९९ मध्ये लावला. लेसरने केवळ जननपेशींच्या पूर्वज पेशी जाळल्या तर आयुष्य सुमारे ६० टक्के वाढलं. सगळी जननग्रंथीच काढली तर काहीच वाढलं नाही. दोन्हीकडे पिल्लं शून्यच! म्हणजे प्रश्न वाचलेल्या शक्तीचा नव्हता, त्या ऊतकांकडून जाणाऱ्या संदेशांचा होता. २००३ मध्ये केन्यन यांच्याच प्रयोगशाळेने डॅफ-२चा बिघाड आणि जननग्रंथी काढणं एकत्र केलं, तेव्हा कृमी सरासरी १२४ दिवस जगले, साध्या कृमीच्या सहापट.

वरच्या प्राण्यांत आकडे आखडतात. त्याच वर्षी उंदरांत आयजीएफ-१च्या ग्राहीच्या जनुकाची दोनपैकी एकच प्रत ठेवली, तेव्हा माद्या ३३ टक्के जास्त जगल्या, नरांत ठाम फरक दिसला नाही. माणसात प्रयोग शक्य नाहीत. २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत दीर्घायुष्याशी संबंध दिसला तो फॉक्सओ-३ए या जनुकाचा, म्हणजे डॅफ-१६च्या मानवी भावाचा. केन्यन यांनी २०१४ मध्ये विद्यापीठ सोडलं आणि गूगलने उभ्या केलेल्या कॅलिको कंपनीत वार्धक्य संशोधनाची सूत्रं हाती घेतली.