‘कमवा आणि शिका’ कुठून आलं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगाव करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरतात. गुलाबपुष्प, सत्कार, दोन तास भाषण. पोरं टाळ्या वाजवून घरी जातात. त्यातलीच काही पुढे कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घालतात. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायचे, झाडांना पाणी घालायचं, ऑफिसात फायली लावायच्या, पैसे तासावर. रक्कम किरकोळच, पण मेसचे थोडेफार पैसे घरी न मागता सुटतात. मला विचाराल तर आत्मविश्वास भाषणापेक्षा मस्टरवरच्या त्या सहीतून जास्त येतो. आणि त्या सहीचं मूळ साताऱ्यात आहे.

भाऊराव पाटील (१८८७–१९५९) स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. एवढ्यावरून ते राहत होते ते जैन बोर्डिंग सुटलं. पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. आजच्या भाषेत फिरता सेल्समन! पण त्या फिरतीत खेडी आतून पाहता आली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभं राहिलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत. स्वयंपाकही त्यांनीच करायचा. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं. नाव मोठं झालं तरी कोठीतलं धान्य संपायचं ते संपायचंच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करत गेले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. योजनेच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख सहसा नसतो, हे मला खटकतं.

देणग्या भाऊरावांनीही मागितल्या, पण मुलांना मात्र फुकट जेवू घातलं नाही. संस्थेचं ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. खिशात पैसा नसलेल्या मुलाने अंगमेहनतीवर शिकायचं, हीच तिथली रीत होती. पुढे इतर कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी ती उचलली; पुणे विद्यापीठातली योजना आज भाऊरावांच्याच नावाने चालते.

उचलताना एक गोष्ट मात्र सांडली. बोर्डिंगात जात कुठलीही असो, कामातून सुटका कुणाचीच नव्हती, त्यामुळे खोऱ्याची लाजही कुणाला नव्हती. आता योजना ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी’ असते. म्हणून वर्गातली मित्रमंडळी ग्रंथालयात शिरली की शिक्के मारणारं पोरगं हळूच कपाटामागे सरकतं.