नाथसागरावरचं पाणी, मासे आणि पक्ष्यांचं संशोधन

नाथसागर म्हणजे पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय. मराठवाड्यात गोडं पाणी, मासे, पाणपक्षी यावर जो काही अभ्यास झालाय त्याचा मोठा वाटा या एकट्या जलाशयावरचा आहे. धरणाचं भूमिपूजन १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केलं, १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि पुढच्या दहाच वर्षांत, १९८६ ला, इथं ३४१ चौ. किमीचं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पक्षी एवढ्या लवकर कसे काय जमले?

तर इथली जमीन सपाट. त्यामुळं पाणी खोल न साचता पसरलं, साधारण ५५ किमी लांब आणि काही ठिकाणी २७ किमी रुंद. लेव्हल थोडी जरी उतरली तरी काठाचा भला मोठा चिखलपट्टा उघडा पडतो, त्यात अळ्या, किडे, शिंपले, गोगलगाई, पाणवनस्पती असं सगळं असतं, आणि हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना तेच पाहिजे असतं. करकोचे, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित, आणि डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पट्टकदंब हंस. हा हंस मध्य आशियात, तिबेटात अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो, सॅटेलाइट टॅग लावून त्याचा रस्ता शोधलेला आहे.

पक्षी मोजायचं काम मुख्यतः जानेवारीत, आशियाई पाणपक्षी गणनेच्या वेळी होतं (ही गणना १९८७ पासून चालू आहे). पाण्याचं आणि माशांचं काम जास्त करून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या आणि आसपासच्या कॉलेजांतल्या झूऑलॉजीवाल्यांनी केलंय. सॅम्पल घ्यायचं, विरघळलेला ऑक्सिजन, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी) बघायचा, जाळीतून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून मायक्रोस्कोपखाली मोजायचे. गढूळपणा बघायला काळी-पांढरी थाळी दोरीनं खाली सोडतात, दिसेनाशी झाली की दोरी मोजली, संपलं. माशांच्या पोटातल्या कृमींवर तर इथं लई काम झालंय. वांब, मरळ, शिंगटा हे इथले जुने मासे, कटला, रोहू, मृगळ बीज टाकून वाढवलेले, आणि चिलापी मूळचा आफ्रिकेतला, आता बाजारात सगळीकडे.

खरी अडचण अशी की हे सगळं वेगवेगळं पडून आहे. पक्षीवाल्यांच्या याद्या एकीकडे, पाण्याचे तक्ते दुसरीकडे, आणि ज्या एका आकड्यावर दोन्हीही अवलंबून आहेत तो, म्हणजे पाण्याची लेव्हल, पाटबंधारेवाल्यांकडं रोज लिहिला जातो आणि पेपरात छापूनही येतो. १५२२ फूट झालं की धरण फुल्ल, एकूण साठा १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे २६ मृतसाठा, म्हणजे कालव्यात न जाणारं तळाचं पाणी. काठोकाठ भरलेल्या वर्षी चिखलच कमी उघडा पडतो, म्हणून भरपूर पाणी म्हणजे भरपूर पक्षी असं धरून चालणं चूक आहे. दुष्काळात उलट, पाणी मागं सरकतं आणि मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीवर पेरणी, म्हणजे गाळपेर होते, म्हणजे जिथं पक्षी चरायचे तिथं पीक, नांगर आणि औषध फवारणी. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्यातल्या कित्येकांच्या बापजाद्यांच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्यात. भर म्हणून छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराचं सांडपाणी घेऊन खाम नदीही इकडंच येते.

अभयारण्याभोवती २०१७ मध्ये इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकाम-उद्योगांवर बंधनं असलेला पट्टा, जाहीर झाला. नंतर जलाशयावर तरंगत्या सोलर पॅनलचा प्रस्ताव आला, त्याविरुद्ध मच्छीमार समाज सुप्रीम कोर्टापर्यंत गेला पण २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. पॅनलखाली ऊन कमी पोचल्यावर प्लवकांचं, आणि त्यावर जगणाऱ्या माशांचं काय होतं हे इथल्या पाण्यात मोजायचं असेल तर पॅनल बसायच्या आधीचे आकडे, त्याच जागांचे, त्याच महिन्यांचे, हाताशी पाहिजेत.